घासून संपलेला काप

तो पहिल्यांदा आला तो दार चुकून. ग्रंथालय शोधत होता आणि शिरला थेट दगड कापायच्या खोलीत. समोर ती – ॲप्रन भिजलेला, गालावर राखाडी चिखल.

"इथे पुस्तकं नाहीत, दगड आहेत."

"मग बरंच झालं चुकलो ते," तो हसला. "मी दगडांचाच अभ्यास करतोय."

मग तो नमुने घेऊन येऊ लागला. ती त्यांचे काप काढून काचेवर चिकटवी आणि केसाहून पातळ होईपर्यंत घासत राही. इतका पातळ झाला की दगडातूनही उजेड आरपार जातो. दोघं आळीपाळीने सूक्ष्मदर्शकात डोकावत.

"हा आधी वाळूचा खडक होता," तो सांगे. "शेजारी तापलेला शिलारस घुसला. त्या धगीने कण एकमेकांत घट्ट गुंतले."

"म्हणजे वितळले?"

"छे! वितळला असता तर गोष्टच वेगळी. हा घट्ट राहूनच आतल्या आत बदलला."

"बिचारा… कुणाला पत्ताही नाही," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

आज मात्र घासता घासता ती एकदम थांबली. धग कुठवर पोचली, ते ठरवणारा एकुलता एक तुकडा… आणि काचेवर आता काहीच उरलं नव्हतं! सोमवारी त्याला परीक्षकांपुढे नकाशा मांडायचा होता.

"दगडच ठिसूळ होता म्हण," शेजारच्या टेबलावरच्या मावशी कुजबुजल्या. "कोण विचारतंय?"

तो आला. तिने रिकामी काच पालथी ठेवली.

"तो तुकडा… ठिसूळ निघाला. भुगा झाला."

"ठिसूळ?" त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे कण गुंतलेच नाहीत. तो साधा वाळूचा खडकच राहिला. धग तिथवर पोचलीच नाही तर…"

त्याने नकाशा पसरला आणि खोडरबर हातात घेतला. धगीची हद्द दाखवणारी, एवढ्या मेहनतीने आखलेली रेघ पुसली जाऊ लागली.

"थांबा!" तिने त्याचा हातच धरला. "खोटं बोलले मी. चांगला टणक होता. मीच घासत राहिले."

"तुम्ही? तुमचा तर एकही काप कधी बिघडला नाही! लक्ष कुठे होतं?"

मावशींना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

"खिडकीबाहेर…" तिचे कान तापले. "तिथे तुम्ही उभे होतात."

त्याचा हात अजून तिच्याच हातात… तिने घाईने सोडला.

"रविवारी पुन्हा तुकडा आणावा लागेल," तो हळूच म्हणाला. "चढण मोठी आहे. येता… माझ्याबरोबर?"

"रागावला नाहीत?"

"रागावलो ना! म्हणून तर पुढच्या वेळी बाहेर उभा राहणार नाही. इथे शेजारी बसणार."

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "मग तर एकही दगड उरायचा नाही!"