फाईलमधलं विजेचं बिल

"कागद दुसरे करता येतात. पण चोर सापडल्याबिगर डॉक्टर ऑपरेशनच करत नाहीत," प्रसेनजित म्हणाला. खुर्चीवर बसायचंही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मलकापुरात खासगी तपासाचं काम करणारी बाई एकच, पुष्पांजली सोनोने. तिने त्याला बसवलं, पाणी दिलं. तिचे सहकारी रंगराव, निवृत्त हवालदार, वही उघडून बसले. त्यांच्या शर्टाचं एक बटण आठवडाभर गायब होतं आणि ते तिला रोज खुपायचं.

प्रसेनजित एसटीचा चालक, जळगाव जामोदजवळच्या खेड्यातला. वर्षापूर्वी घराला चुना लावायचा म्हणून त्याची धाकटी बहीण धम्मशीला चुना भिजवत होती. तो उसळला आणि तिचे दोन्ही डोळे गेले. बुबुळाच्या कडेला मूळ पेशी असतात, त्या वरचा थर सतत नवा करत राहतात. तिच्या त्याच जळाल्या होत्या. आता मुंबईचे डॉक्टर प्रसेनजितच्या एका डोळ्याच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तिच्या डोळ्यावर लावणार होते. तारीख परवाची. ती हुकली की सहा महिने थांबायचं.

"डॉक्टर म्हणतात, घरातून कागद गेले म्हणजे घरात कोणाची तरी ना हाय. ते ऐकल्याशिवाय मी चांगल्या डोळ्याले हात लावत नाही."

न पाहताच पुष्पांजलीला हा डॉक्टर आवडला.

"बाहेरचं कोणी आलं होतं?"

"दिवसभर आई दारात बसेल होती. कोणीच नाही."

"काय काय गेलं?"

"पेटीतली अख्खी फाईल. माहा संमतीचा कागद, विजेचं बिल, रेशनकार्डाची झेरॉक्स, समदं. संमतीच्या कागदावर माहा मोठा रंगीत फोटो होता."

"चिकटवेल?" रंगरावांनी उगाचच विचारलं.

"नाही, कागदावरच छापेल."

रंगरावांनी तेही इमानदारीत लिहून घेतलं.

तासाभरात मोटारसायकल खेड्यात पोचली. प्रसेनजितची बायको रुपाली अंगणवाडीत सेविका होती. तिने काही लपवलं नाही.

"हाव, मी नकोच म्हणत होती. यायच्या डोळ्यावर घर चालते. पण चोरून कायले करू? तोंडावर भांडली मी."

आई सिंधूताई दारात तूरडाळ निवडत होत्या. बोटं खडे अचूक टिपत होती.

"अक्षर मले ओळखू येत नाही, बाई. पण हजार माणसांत माह्या पोराचं तोंड ओळखन."

रंगराव पुष्पांजलीच्या कानाशी लागले. "म्हातारीच हाय. वाचता येत नाही, म्हणून अख्खी फाईल नेली."

आत धम्मशीला गोधडीवर बसली होती. पुष्पांजलीने काही विचारायच्या आधी तिनेच विचारलं, "ताई, डायवरचे डोळे तपासत राहतात ना? थोडं कमी दिसलं तं गाडीवरून उतरवतात ना?"

पुष्पांजली उठून दाराशी गेली. मग तिने सगळ्यांना आत बोलावलं आणि डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला.

"चोराला एकच कागद हवा होता," ती म्हणाली. "मग विजेचं बिल कशाला नेलं? कारण त्याला कागद ओळखू येत नव्हते. रुपालीताईंना वाचता येतं, त्यांनी नेमका कागद उचलला असता. प्रसेनजितला नको असतं तर त्याने सहीच केली नसती. रंगरावांचा संशय आईंवर. पण त्या कागदावर त्यांच्या मुलाचा मोठा फोटो होता. तो त्यांच्या नजरेतून सुटला असता?"

रंगरावांनी वही मिटली.

"फोटो चिकटवलेला असता तर बोटांना लागला असता. तो छापलेला होता. म्हणजे ज्याला फोटोही दिसला नाही, अशा माणसाने फाईल नेली."

धम्मशीलाने गोधडीखालून फाईल काढून मांडीवर ठेवली. तिने एकही कागद फाडला नव्हता.

"याले इचारलं, वहिनीले इचारलं. मले कोणी इचारलं? माह्या डोळ्यासाठी याची गाडी सुटली तं मी उजेडात काय पाहू? याचं घरी बसेल तोंड?"

प्रसेनजित तिच्यासमोर खाली बसला. आपण विचारलंच नाही, हे त्याला आत्ता कळलं होतं.

"चूक माझी," फोनवरून डॉक्टर म्हणाले. "तुमच्या भावाला मी दोन तास समजावलं, तुम्हाला दहा मिनिटं. आता ऐका. त्याला काही आठवडे गाडी चालवता येणार नाही. नंतर बहुतेकांची नजर पूर्वीसारखीच राहते. धोका थोडा आहे, शून्य नाही. आणि तुम्हाला दिसेलच, असं वचन मी देत नाही. नाही म्हणालात तरी उपचार थांबवणार नाही."

एवढं सरळ बोलणारा डॉक्टर रंगरावांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

धम्मशीलाने भावाचा हात चाचपून धरला. "तुले भेव नाही वाटत?"

"वाटते ना वं. पण तुले पाह्यलं की कमी होते."

तिने मांडीवरची फाईल त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "कुठी सही करू, दाखव."

त्याने तिचं बोट कागदावरच्या तिच्या सहीच्या कोऱ्या जागी टेकवलं.

सात महिन्यांनी मलकापूरच्या ऑफिसात काळा चष्मा लावलेली एक मुलगी जिना चढून आली. खाली एसटी उभी होती आणि तिचा चालक हॉर्न वाजवून घाई करत होता. मुलीने चष्मा काढला, डोळे बारीक करून रंगरावांकडे पाहिलं.

"हवालदारसाहेब," धम्मशीला म्हणाली, "तुमच्या शर्टाचं एक बटन गेलं हाय."