हात देता का जरा?

दार ओढून घे रे. वारं येतंय म्हणून सांगतोय, लगेच घाबरायला नको. आणि ताईच्या लेकी, तो मोबाईल खाली ठेव. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर मी आपला झोपतो.

आमच्या दुकानाशेजारी चावीदादा बसतो ना, किल्ल्या करून देणारा? त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. मला त्याने एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला की उठून जातो.

त्याच्या आईची फार दिवसांची इच्छा, तीर्थाच्या नदीचं दर्शन घ्यायची. सगळा जन्म कामात गेला आणि सवड मिळाली तेव्हा गुडघ्यांनी संप पुकारला. चावीदादा म्हणाला, "पाठुंगळी घेऊन नेईन, पण नेईन." गेल्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. गाडी इतकी रखडली की त्या तीर्थाच्या शहरात पोचायलाच रात्रीचे साडेदहा झाले. लॉज मात्र नदीला लागूनच मिळाला. दुसऱ्या मजल्यावर खोली, आईला पाठुंगळीच वर नेलं. दोन खाटा, भिंतीला ओल. खिडकीखाली दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. आईने खिडकीचे गज धरून अंधारातच डोकं टेकवलं.

"अगं, काही दिसत तरी आहे का?"

"आवाज येतोय की. तेवढा पुरे." मग म्हणाली, "उद्या डोळे उघडले की आधी तेच पाणी डोळ्यांना लावावं, असं होतं मनात."

झालं! लेकाला तेवढं बास. आईचा डोळा लागल्यावर याने रिकामी बाटली उचलली आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं. स्वतःचं, घरून आणलेलं. लॉजच्या कुलपांवर त्याचा काडीचा भरवसा नाही.

खाली मॅनेजर सतरंजीवर पडला होता. "आत्ता कुठे? पाणी काय पळून जातंय का? सकाळी भरा."

"हा गेलो, हा आलो."

"निसरडं असतं," मॅनेजर म्हणाला आणि टीव्हीकडे बघायला लागला. टीव्ही बंद होता.

पावणेबारा वाजले होते. पायऱ्यांवर चिटपाखरू नाही. धुकं असं की मोबाईलचा उजेड चार पायऱ्यांवर विरायचा. शेवटच्या कोरड्या पायरीवर तो वाकला. बाटली बुडवली. बुडबुडे आले. आणि समोरूनच कुणीतरी बोललं.

"अहो, हात देता का जरा? पायरी सापडत नाही."

छातीभर पाण्यात एक माणूस उभा होता. याच्याच वयाचा. बोलणं साधं, अदबीचं. चावीदादाला वाटलं, कुणी उशिरा अंघोळीला उतरलाय. ही काय वेळ, असा विचारही केला नाही. दिला हात.

हात गरम होता.

डिसेंबरातलं पाणी, पोरांनो. आणि हात कसा, तर नुकत्याच पांघरुणातून उठलेल्या माणसाचा असतो तसा. चावीदादाने ओढलं. माणूस वर येईना. सोडायला गेला... सुटेना.

"आईला घेऊन आलात ना?"

"हो... तुम्हाला कसं..."

"खाली का नाही आणलं?"

"तिला पायऱ्या उतरवत नाहीत."

"उतरतेय की," माणूस म्हणाला.

चावीदादाने मागे पाहिलं.

आई येत होती. कठड्याला न धरता. एकेक पायरी, शांतपणे. लेकाकडे नजर नाही. नजर पाण्यावर.

"आई! थांब!"

ती त्याच्या शेजारून गेली. लुगड्याचा काठ त्याच्या हाताला लागला. पाण्यात पाय ठेवला. मग दुसरा. घोटे. कंबर. हा ओरडतोय, रडतोय, तो हात सोडवायला स्वतःच्याच मनगटाला चावतोय... ती थांबेना. पाणी गळ्याला लागलं. वेणी वर तरंगायला लागली.

...

काय नाही. पाणी दे जरा.

तर... तेव्हा त्याच्या तोंडून काय निघावं? देवाचं नाव नाही की शिवी नाही. चाळिशीचा बाप्या, लहान पोरासारखा म्हणाला, "आई... भूक लागली गं."

ती थांबली.

"आले हं," म्हणाली. "वाढते."

आणि वळली.

त्याच क्षणी हात सुटला. याने आईला धरलं आणि वर निघाला. मागे बघायचं नाही, बोलायचं नाही. आईचा हात घट्ट धरलेला. मागून तिची धाप ऐकू येतेय. मॅनेजर जागाच होता. त्याने चावीदादाकडे बघितलं. मग त्याच्या मागे बघितलं. आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

जिना. दुसरा मजला. खोलीचं दार.

दाराला कुलूप.

जसं घातलं होतं तसंच. किल्ली याच्या खिशात.

"आई," तो मागे न बघता म्हणाला, "तू बाहेर कशी आलीस?"



कुलूप उघडायला दोन्ही हात लागतात. हात सोडावा लागला. किल्ली फिरवली. दार ढकललं.

खाटेवर आई झोपली होती. घोरत होती. पांघरूण कोरडं.

मागे... कुणी नाही. नुसती बोळकांडी आणि एक पिवळा दिवा.

"मामा, मग ती कोण होती?"

मला काय विचारतेस? तो रात्रभर दाराला पाठ लावून बसला. उजाडलं. आई उठली, चेहरा टवटवीत. "काय गाढ झोप लागली रे," म्हणाली. पायांना माती नाही, लुगडं ओलं नाही. चावीदादाचा जीव भांड्यात पडला. ती खिडकीपाशी बसली, वेणी सोडली, फणी लावली.

फणीबरोबर वाळू आली. बारीक, पांढरी, ओली.

तीन महिने होऊन गेले त्याला. म्हातारी ठणठणीत आहे. सून रोज न्हाऊ घालते, केस उन्हात वाळवते. आणि रोज सकाळी, ती विंचरून उठली, की तिथली फरशी झाडून घ्यावी लागते.