कागद धरणारा

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण हे घडलंय, आणि तेही भर दुपारी. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी, सक्करदऱ्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

भूमिकासोबत.

चौघांनी मिळून लाकूड कोरायची, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीन घेतली होती. पाळीपाळीनं वापरायचे. डिझाइनचं सगळं त्यांच्यातले मारोतराव बघायचे. चैत्रात ते शेडमध्येच, कॉम्प्युटरसमोर बसल्या बसल्या गेले, आणि महागड्या सॉफ्टवेअरचा पासवर्डही त्यांच्याबरोबरच गेला. त्यांच्या जागी भूमिका आली होती, चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी सोडून.

आता स्वस्तातलं सॉफ्टवेअर शोधणं तिच्या गळ्यात पडलं. एकात फाइल सेव्हच होईना. दुसऱ्याची फाइल मशीन वाचेना. तिसऱ्यानं कमळाची जाळी झकास काढली, पण त्याची फुकट वापराची मुदत आज संपत होती. सागवानाची फळीही एकच उरली होती.

संध्याकाळी बाकीचे येणार होते. जमलं नाही तर मशीन विकायची, असं ठरलं होतं. मग तिनं कुठं जायचं? शाळेत तिची जागा केव्हाच भरली होती.

तिनं चौघांतल्या पियूषला फोन लावला.

"काहून नाही आला गा अजून?"

"ताई, उमरेड रोडवर गाडी बंद पडली. येऊनच राहिलो. झिरो एकटी नको घेऊ."

झिरो म्हणजे फळीचा वरचा पृष्ठभाग मशीनला दाखवणं. त्याला दोघं लागतात. एकानं कॉम्प्युटरवरून कटर खाली आणायचा. दुसऱ्यानं फळीवर कागद मागेपुढे सरकवत राहायचं. कटरखाली कागद अडकला की म्हणायचं, "बस."

पियूष काही आला नाही.

भूमिकानं फळीवर कागद ठेवला. कॉम्प्युटरकडे पळाली, बटण दाबलं. परत पळत येऊन पाहिलं. घामानं डोळे चुरचुरत होते.

पत्र्यावरची कबुतरं एकदम गप्प झाली.

आणि कागद... हलला.

कूलरचा वारा असेल. तिनं कूलर बंद केला.

कागद सरकतच होता... मागे... पुढे... मागे...

दार उघडं होतं. तिला पळता आलं असतं. पण पळून गेली असती तर संध्याकाळी सगळं संपलं असतं. ती कॉम्प्युटरपाशी गेली, डोळे मिटले आणि बटण दाबत राहिली.

"बस."

पुरुषाचा आवाज. हळू. फळीजवळून आलेला.

तिचं बोट थांबलं. कागद कटरखाली पक्का अडकला होता.

मशीन चालली. जाळी अशी उतरली की भूमिका फळीवर डोकं टेकून ढसाढसा रडली.

मशीन राहिली. सॉफ्टवेअरही घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन मारोतरावांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नीला, जिजाबाईंना म्हणाली, "काकू, काकाच आले होते मदतीले. कागद त्यायनंच धरला."

जिजाबाईंनी पेढा खाली ठेवला.

"नाही वं बाई. ते तर कॉम्प्युटरवर बसत. कागद त्यायनं कधीच नाही धरला."

"मंग कोन धरे?"

"म्या बी इचारलं होतं. एकटे काहून जाता म्हटलं. तर म्हने, एकटा कुठं हावो, हाय एक जन." त्या जवळ सरकल्या. "आवाज कुठून आला तुले?"

"फळीजवळून."

"मंग ठीक हाय. शेवटी शेवटी त्यायले आवाज खुर्चीच्या मांगून ये."

भूमिका घरी आली ती तापानंच.

तरी तिनं काम सोडलेलं नाही. पियूषनं कागद धरला की कोरीवकाम बिघडतं. का, ते कुणालाच कळत नाही. त्यामुळे ती एकटीच जाते. घरच्यांनी हातापाया पडून पाहिलं. ती म्हणते, दुसरं करू तरी काय?

कालही तिची पाळी होती. कागद सरकला. अडकला.

"बस..."

आवाज या वेळी फळीजवळून नाही, मशीनच्या टेबलाच्या अलीकडून आला.