काचेवरचं बोट

त्या चष्मेवाल्याच्या वागण्याला काही ताळतंत्रच उरलं नव्हतं. माणसानं हेडलाइटचा बल्ब न्यावा, गाडीला लावावा आणि निदान वर्षभर तरी दुकानाकडे फिरकू नये. हा पठ्ठ्या मात्र वरचेवर यायचा, गेलेला बल्ब काउंटरवर ठेवायचा आणि चार गिऱ्हाइकं ऐकत असताना म्हणायचा, “हाही गेला.”

हाही गेला! जसं काही मालकीणबाईंच्या दुकानात बल्ब नाही, बर्फच विकतात.

गाड्यांच्या सुट्या भागांचं ते दुकान म्हणजे मालकीणबाईंचा जीव की प्राण. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणसानं नट-बोल्टच्या नादी लागू नये. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शटर वर केलं. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेलं, पण खोट्या मालाचा वास त्यांना खोकं उघडायच्या आधी यायचा. थोरल्या लेकी आपापल्या घरी गेल्या. धाकटी मात्र काउंटरवर उभी राहिली, आणि ती गिऱ्हाइकाशी बोलायला लागली की बाईंची मान आपोआप ताठ व्हायची. अगदी आपल्यासारखी! तीच जीभ, तेच नाक.

पलीकडे चष्म्यांचं दुकान चालवणारा हा चष्मेवाला पहिल्यांदा आला ती संध्याकाळ बाईंना चांगली आठवत होती. बाहेर वारा सुटलेला, केस विस्कटलेले, आणि याच्या हातात काहीच नाही.

“कारच्या दिव्याचा बल्ब हवाय.”

“कुठल्या कारच्या?” धाकटीनं वर न बघता विचारलं.

“पांढऱ्या.”

आता मात्र तिनं वर पाहिलं. “रंगावरून साडी देतात. बल्ब नाही.”

तो हसला. हसला तो हसला, वर तिच्याकडे बघतच राहिला. धाकटीच बाहेर गेली, गाडीचं नाक उघडून जुना बल्ब काढून आली.

“एक गेलाय, पण दोन्ही बदला,” ती म्हणाली. “एक जुना एक नवा ठेवलात, तर गाडी रस्ताभर डोळा मारत जाईल.”

“मारू दे की…”

“मारू द्या. पण समोरून हवालदार आला, तर तो काही लाजणार नाही.”

खोकी काढत कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी ओठ दाबून धरले.

“मला तो एकदम पांढराशुभ्र द्या. सगळ्यात ताकदीचा,” तो म्हणाला.

“तो नाही मिळणार.”

“दुकानात तर दिसतोय!”

“दिसतोय, पण तुमच्या गाडीच्या वायरींना तो झेपणार नाही. आणि समोरच्याला आंधळं करून आपण रस्ता बघायचा, ही कुठली रीत? हा घ्या, थोडा पिवळसर. पावसाधुक्यात उजेड रस्त्यावर पडतो, उलटा डोळ्यांत येत नाही.” तिनं बल्ब बुडाशी धरून त्याच्यासमोर केला. “फक्त एक करा. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की काच तिथं तापते, फुगते, आणि बल्ब अवेळी जातो.”

“नाही लावणार,” तो म्हणाला — आणि बल्ब घेताना त्याचं बोट काचेला नाही, पण तिच्या बोटाला मात्र लागलं. दोघंही जरा जास्तच वेळ थांबली.

बाई खाकरल्या. “पुढचं गिऱ्हाईक!” पुढचं गिऱ्हाईक कुणी नव्हतंच, पण ते वेगळं.

त्यानंतर हे ‘हाही गेला’ सुरू झालं. तो यायचा, ती नवा बल्ब द्यायची. एखादा बल्ब निवडायला किती वेळ लागावा? हा घेऊ की तो घेऊ, याचा उजेड कसा, त्याचा कसा… माणूस घर घेताना एवढं विचारत नाही.

“तुम्हांला काय वाटतं?” तो विचारायचा.

“मला वाटतं, तुम्ही सायकल घ्यावी,” ती म्हणायची. आणि तो गेल्यावर उगाचच फडक्यानं स्वच्छ काउंटर पुन्हा पुसायची.

बाईंना दिसत नव्हतं असं नाही. पण पोरीच्या गालांकडे बघावं, की दुकानाच्या अब्रूकडे?

कारण अब्रूला आच लागलीच. शाळेच्या बसगाड्यांचा मालक, दुकानाचं सगळ्यात मोठं आणि जुनं गिऱ्हाईक, एक दिवस खोकं परत ठेवत म्हणाला, “मावशी, राग मानू नका. तुमचे बल्ब हल्ली टिकत नाहीत असं कानावर येतंय. माझ्या गाड्यांत पोरं बसतात. यंदा समोरच्या दुकानातून घेईन म्हणतो.”

बाई एवढंच म्हणाल्या, “उद्या सकाळी एकदा येऊन जा. मग कुठूनही घ्या.” नवरा गेला तेव्हाही दुकानाच्या मालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

दुपारी त्या पदर खोचून तडक चष्मेवाल्याच्या दुकानात गेल्या. आज त्याची अशी हजेरी घ्यायची की सात पिढ्या आठवतील! पण तो एका आजोबांचा चष्मा बसवत होता. बाई दारातच थांबल्या.

त्यानं भिंग उचललं ते कडेनं, दोन बोटांच्या टोकांत, जसं फुलपाखरू धरावं. फिरवलं, फुंकर मारली, पुसलं, चौकटीत बसवलं. काचेला एकदाही बोट नाही. आजोबांनी चष्मा घालताना अंगठा टेकवला, तर हा हळूच म्हणाला, “आजोबा, काचेला नाही हं… दांडीला धरायचं,” आणि पुन्हा पुसून दिला.

बाई दारातूनच परत फिरल्या.

दुकानात परतून त्यांनी खणात टाकून ठेवलेले त्याचे सगळे गेलेले बल्ब काढून टेबलावर मांडले. प्रत्येकाच्या काचेवर फोड आलेला. आणि सगळे फोड एकाच जागी. चुकून लागलेलं बोट असं जागा धरून बसत नाही.

“इकडे ये ग,” त्यांनी हाक मारली. “हे काय आहे?”

धाकटीनं बल्बांकडे पाहिलंही नाही. “अंगठा आहे. त्याचा.”

“तुला ठाऊक होतं?”

“पहिल्या बल्बापासून.”

“मग दातखीळ बसली होती का? दुकानाचं नाव चाललंय मातीत, बसवाला समोरच्या दुकानात निघालाय, आणि तू —”

“मी वाट बघत होते, आई.” तिचा आवाज जरासा हलला. “म्हटलं, आज तरी हा बल्ब सोडून दुसरं काही बोलेल… मी कशाला आपणहून बोलू? मला काय गरज?” मग तिनं नाक वर केलं. “पण बसवाल्या काकांपर्यंत गोष्ट गेलीय हे मला माहीत नव्हतं. उद्या त्यानं सगळ्यांसमोर खरं सांगितलं तर ठीक. नाही तर मी त्याचं तोंड बघणार नाही. मग मला कितीही… कितीही काही वाटो.”

बाईंना दुःखही झालं, पण वरचढ होता तो अभिमान. लेक माझीच!

सकाळी दुकान भरलेलं होतं. बसवाला हाताची घडी घालून उभा. धाकटीच्या निरोपावरून चष्मेवालाही आला, आणि सवयीप्रमाणे त्याच्या खिशात एक गेलेला बल्ब होताच.

“ठेवा इथं,” धाकटी म्हणाली. त्यानं ठेवला. “आता सांगा. का गेला?”

तो गोंधळला. “म्हणजे… असाच —”

“मोठ्यानं सांगा. हे काका आमचा माल सोडून चाललेत. तुमच्यामुळे. माल खोटा आहे का?”

त्यानं बसवाल्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग तिच्याकडे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. ‘असेल बुवा’ म्हटलं असतं तर सुटला असता.

“माल सोन्यासारखा आहे,” तो म्हणाला. “खोटा मी आहे. डोक्याचं तेल बोटाला लावून मी काचेवर अंगठा टेकवायचो. मग गाडी घरासमोर उभी करून, भिंतीवर दिवे लावून बसायचो… कधी जातोय याची वाट बघत.”

“अरे, पण का?” बसवाला ओरडला.

“हिला बघायला यायचं तर काहीतरी कारण नको का, काका?”

कुणीतरी फस्सकन हसलं. धाकटी हसली नाही. पण तिच्या हातातलं फडकं खाली पडलं ते तिनं उचललं नाही.

“चष्म्याच्या दुकानात आरसे आहेत ना भरपूर?” ती हळूच म्हणाली. “त्यात बघून सराव करायचा होता, चार शब्द बोलायचा.”

“केला होता. इथं आलो की… विसरायचो.”

“मग आता?”

“आता आठवतायत.” तो म्हणाला. “मला तुम्ही आवडता. फार. तुमची बोलणीसुद्धा.”

“बोलणी तर अजून सुरूही झाली नाहीत,” ती म्हणाली, आणि मग हसली. असं हसली की बाईंनी पटकन दुसरीकडे पाहिलं.

बसवाल्यानं घसा साफ केला. “मावशी… माझे ते बल्ब बांधा. नेहमीसारखे.”

“बांधते. पण आधी हे निस्तरू दे.” बाई उठल्या, काउंटरला वळसा घालून चष्मेवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना मान वर करावी लागली, पण खाली बघायची पाळी त्याच्यावर आली.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “तू लबाड आहेस. माझ्या मालाला बट्टा लावलास, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण चारचौघांत स्वतःचं नाक कापून माझं नाक राखलंस. उद्या घरच्यांना घेऊन ये. आणि आत्ताच कान उघडून ऐक, लग्न झालं तरी सकाळी हे शटर हीच वर करणार. माझ्या पोरीच्या मानानं तू जरा कमीच आहेस… पण चालशील.”