कागदावरची लस

तुळशीची लग्नं उरकली की डोळखांबकडचे पाडे वीटभट्ट्यांवर निघतात. त्याआधी पोरांना गोवराची लस टोचायची, हे आरोग्यसेवक साईनाथचं काम. त्या दिवशी वाटेत किन्हवलीला तो लग्नाच्या पंगतीत बसला. जिलेबीला नाही म्हणवेना. पाड्याखाली पोचला तेव्हा लसीच्या डब्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालेलं, लस बाद, आणि समोर भट्टीचा टेंपो भरलेला. आता ही पोरं कधी सापडायची? त्याने अकरा पोरांच्या डाव्या अंगठ्याला लस दिल्याची मार्करची खूण केली, रजिस्टरात 'लस दिली' लिहिलं आणि हात झटकून मोकळा झाला.

चार दिवसांनी भट्टीवर दुसरी लसवाली बाई आली. अंगठ्याची खूण पाहून तिने त्या अकरांतल्या भिमीच्या रोशनीला न टोचताच सोडून दिलं. पौषात गोवर आला. चार वर्षांची रोशनी गेली.

चैत्रात साईनाथ पाड्यावर गेला, तेव्हा भिमी भांडली नाही, रडली नाही. तुमच्या आठ महिन्यांच्या लेकीला लस कधी, एवढंच तिने विचारलं. नऊ महिने भरले की, तो म्हणाला.

"तुमच्या कागदात माझी रोशनी नीट हाय, डाक्टर," भिमी म्हणाली. "तुमची पोर बी कागदात अशीच नीट ऱ्हावी."

तिसऱ्या दिवशी साईनाथच्या शहापूरच्या घरी लेकीच्या, कुणालीच्या डाव्या अंगठ्यावर शाई दिसली. बायकोने तेल लावलं, साबण लावला. ही शाई आठवड्यात उडते, हे साईनाथला ठाऊक होतं. तीन आठवडे झाले. ती गडदच होत गेली.

नऊ महिने भरले त्या सकाळी तो लेकीला घेऊन लसीकरणाच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभा राहिला. तिचं अंग जरा कढत लागत होतं. उन्हामुळे असेल, त्याने मनाची समजूत घातली.

प्रियांका सिस्टरने कार्ड उघडलं. "हिला दिलीय की. तुमचंच अक्षर, सहीपण तुमचीच."

रजिस्टरातही तसंच होतं.

"दिलेली नाही."

"मग लिहिलं कोणी?"

साईनाथने मागच्या रांगेकडे एकदा पाहिलं.

"मी न टोचताच लिहितो, सिस्टर. डोळखांबच्या अकरा पोरांचं तसंच लिहिलं. एक गेली. हिला टोचा, पाया पडतो तुमच्या."

सिस्टरने सुई भरली. अंग कढत लागलं म्हणून पोरीच्या टोपड्याची गाठ सोडली.



कुणालीच्या कानामागून मानेपर्यंत तांबडे दाणे उठले होते. सिस्टरने सुई खाली ठेवली. मागच्या बाया एकेक करून आपापली पोरं उचलून बाहेर गेल्या.