पीकनसाठी एक भजन

रविवारी चार वाजता वर्लीनच्या दारावर थाप मारायची नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणून त्या दिवशी, फोन कानाशी धरून ती रेडिओवर आपली पाळी यायची वाट बघत असताना जाळीच्या दाराशी कुणीतरी खाकरलं, तेव्हा तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. नदीकाठच्या त्या छोट्या केंद्रावरून मिस ओपल दर रविवारी तुरुंगातल्यांसाठी गाणी लावायची. घरच्यांनी फोन करायचा, मिनिटभर बोलायचं आणि गाणं सांगायचं. पूर्ण नाव मात्र घ्यायचं नाही, घरात ज्या नावाने हाक मारतात तेच घ्यायचं.

"पीकन, मी बोलतेय रे," वर्लीन म्हणाली. "पायमोजे घालून झोपत जा. ताटातली पालेभाजी टाकू नकोस. कुणाच्या अध्यात मध्यात पडू नकोस. मिस ओपल, आमच्या आईचं ते भजन लावा."

भजन सुरू झालं, आणि डोळे टिपत ती दाराकडे गेली. बाहेर साठीचा एक हडकुळा माणूस टोपी छातीशी धरून उभा होता.

"मी अल्सीड, मॅडम. मंगळवारी सुटलो. बावीस वर्षं होतो आत, पीकनच्याच बराकीत."

वर्लीनने खुर्ची पुढे केली. नऊ वर्षांत धाकट्या भावाची एक ओळ तिला आली नव्हती!

क्लोव्हिसला, तिच्या पीकनला, आत जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. गावातलं एक दुकान लुटलं गेलं तेव्हा तो तिच्याच स्वयंपाकघरात बसून कोळंबी सोलत होता. तिने कोर्टात शपथेवर तसं सांगितलं, पण बहिणीची साक्ष कोण मानतो? वकील खटल्याआधी जेमतेम दहा मिनिटं भेटला आणि म्हणाला, गुन्हा कबूल कर, सात वर्षांत सुटशील. तेव्हा वर्लीनच म्हणाली होती, 'जे केलंच नाहीस ते केलं म्हणू नकोस, देव वाट काढील.' क्लोव्हिसने नकार दिला. ज्युरीतल्या बारा पंचांपैकी दोघांनी त्याला निर्दोष ठरवलं, पण अमेरिकेतल्या त्यांच्या लुइझियाना राज्यात तेव्हा दहांचं मत पुरत असे, आणि कबुली न देण्याची शिक्षा म्हणून की काय, सातऐवजी मरेपर्यंत कैद झाली. त्यात नवल कुणालाच वाटलं नाही. ज्या घरातलं कोणी आत नाही असं घर त्यांच्या वस्तीत शोधून सापडलं नसतं, आणि पणजोबांनी गुलामीत मालकाच्या शेतात वेचलेला कापूस आता पणतू तुरुंगाच्या शेतात वेचत होते.

सतरा वर्षं ती एक रविवार आड भेटीला गेली. पोस्टातल्या रॉस्कोने दोनदा लग्नाचं विचारलं, दोन्ही वेळा तिने नाही म्हटलं. मग एक दिवस चिठ्ठी आली: 'यादीतून तुझं नाव काढलंय. येऊ नकोस, लिहू नकोस.' तिने ते निमूट सोसलं. आपल्या एका शब्दापायी त्याचं आयुष्य गेलं, त्याने तोंड फिरवलं तर चूक कसली? पण गाणं सांगू नकोस, असं काही त्याने लिहिलं नव्हतं. तेवढी पळवाट तिने धरून ठेवली.

"कसा आहे तो?" तिने विचारलं. "ऐकतो ना माझं?"

अल्सीडने मान खाली घातली. "त्याला आठ वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या तुरुंगात हलवलं, मॅडम. तिथवर हे केंद्र लागत नाही."

वर्लीनने रेडिओकडे पाहिलं. "म्हणजे आठ वर्षं मी वाऱ्याशी बोलत होते?"

"वाऱ्याशी नाही. माझ्याशी." तो चाचरत म्हणाला, "जाताना त्याने आपला रेडिओ मला दिला. म्हणाला, रविवारी चारला माझी बहीण बोलते, तू ऐकत जा, तिला रिकाम्या खोलीशी बोलायला लावू नकोस. मला तर कुणाचा फोन कधी यायचा नाही... हळूहळू तुमची बोलणी मी माझीच समजायला लागलो. तुमच्यामुळे पालेभाजी खाल्ली हो आठ वर्षं. मला ती अजिबात आवडत नाही."

वर्लीनला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मग माझं नाव का काढलं त्याने?"

"तो म्हणायचा, माझं नाव तिच्या गळ्यात आहे तोवर ती लग्न करायची नाही. तुम्ही केलंत का?"

"नाही," वर्लीन म्हणाली. "जेवून जा. पालेभाजी वाढणार नाही."

त्याच संध्याकाळी तिने अल्सीडने सांगितलेल्या नव्या पत्त्यावर पत्र धाडलं. दीड महिन्याने क्लोव्हिसने पाठवलेला भेटीचा अर्ज आला, आणि पाच तासांची वाट तुडवून ती त्या परक्या तुरुंगात पोहोचली. समोर क्लोव्हिस येऊन बसला. डोकं पांढरंशुभ्र झालं होतं.

"रॉस्कोने दुसरीशी केलं," ती म्हणाली.

"वेडी आहेस."

"आहे." मग सव्वीस वर्षं काळजात रुतलेलं तिने एकदाचं बाहेर काढलं. "पीकन, मी त्या दिवशी बोलले नसते तर तू सात वर्षांत घरी आला असतास. मला क्षमा करशील?"

क्लोव्हिसने तिच्याकडे नीट पाहिलं. रागाचा लवलेशही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता.

"तू बोलायच्या आधीच मी वकिलाला 'नाही' सांगून आलो होतो," तो म्हणाला. "तू हो म्हण म्हणाली असतीस, तरी मी नाहीच म्हटलं असतं. यांनी माझं सगळं नेलं, वर्लीन. तो एक नकार तेवढा माझा आहे. तो तू तुझ्या नावावर नको घेऊस."

तिने डोळे पुसले.

"नाही घेत," ती म्हणाली. "तुझाच तो."