पिसांची रजई

“माझी खोली कुठं गेली?”

पाठीवर दप्तर तसंच, एक बूट पायात आणि एक हातात... नऊ वर्षांची ठकी दारात उभी होती, आणि आत स्टुलावर चढून भिंतीवरची शेवटची कागदी चांदणी नखानं खरवडत असलेली मावशी जागच्या जागी थिजली होती. खिडकीला पडदे नव्हते. जमिनीवर गालिचा नव्हता. पलंगाच्या कडेनं शिस्तीत बसणारे अकरा कापडी प्राणी, तो हत्ती, ते दोन ससे, तो लंगडा जिराफ, सगळे नाहीसे झाले होते. आणि पलंगावर ती जाडजूड, निळ्या-पांढऱ्या ठिगळांची पिसांची रजईही नव्हती!

“मावशी, आईची रजई कुठाय?”

“नीट ठेवलीय गं. आधी हातपाय धू, मग सांगते...”

पण ठकीनं हातातला बूट भिंतीवर भिरकावला, आणि ती अशी काही हंबरडा फोडून रडली की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी रेडिओ बंद करून कान टवकारले.

मावशी ही ठकीच्या आईची बहीण नव्हे, कुणाचीच नव्हे. दोन वर्षांपूर्वी ठकीच्या बाबांनी दुसरं लग्न करून तिला घरात आणलं, तेव्हा ‘आई’ या शब्दाची जागा आधीच भरलेली होती. मग ननंदबाईंनी सुचवलं, ‘मावशी म्हण गं तिला,’ आणि तेच नाव चिकटलं. ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती. रोज दोनशे चादरी तिच्या हाताखालून जात, आणि चादर नुसती गालाला लावून ती दमट आहे की कोरडी ते सांगायची. तिथल्या पोरी म्हणत, हिच्या गालात यंत्र बसवलंय! अशा बाईला घरी मात्र कुणी कधी काही विचारलं नाही.

आणि आज तर तिला काही सांगताही येत नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी ठकीला धाप लागली म्हणून मावशीच तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. वर्षभरातली ही सातवी खेप. डॉक्टरीणबाईंनी या वेळी पोरीच्या हातावर ओळीनं थेंब टाकले, प्रत्येक थेंबात सुईचं टोक टेकवलं, आणि वीस मिनिटांनी पाहिलं तर दोन ठिकाणी गांधी उठल्या होत्या. एक धुळीची आणि दुसरी, भली मोठी, पिसांची. ठकी नर्सबरोबर हात धुवायला गेली होती तेवढ्यात बाईंनी विचारलं, “घरात पिसांचं काही आहे? उशी, रजई, खेळणी?”

“रजई आहे... आणि खेळणीही,” मावशी म्हणाली.

“आजच्या आज बाहेर काढा. पडदे, गालिचा, सगळंच. आणि पिसं तर आधी! पुढच्या खेपेला एवढ्यावर निभावेल याची मी खात्री देत नाही.”

ती रजई... ठकीची आई गेली त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. उठवत नव्हतं, पण हात चालत होते. घरातल्या जुन्या पिसांच्या उशा तिनं एकेक करून उसवल्या, आणि पडल्या पडल्या चार महिन्यांत ती रजई शिवली, उरलेल्या पिसांचे अकरा प्राणी केले. पाच वर्षांच्या लेकीला जवळ घेऊन म्हणाली, “मी दिसले नाही ना, की ही पांघरायची. म्हणजे मीच जवळ आहे असं समज.” आणि ठकीनं ते अक्षरशः मानलं होतं! जितका दम लागे तितकी ती रजईत नाक खुपसे, आणि जितकं नाक खुपसे तितका दम लागे... मरणाऱ्या मातेनं प्राण ओतून शिवलेलं वात्सल्यच त्या लेकराचा श्वास कोंडत होतं! हे कुणी कुणाच्या तोंडावर सांगावं? आणि ते सावत्र आईनं?

आधी तिनं गुपचूप उपाय केले. लाँड्रीतल्या विद्येची पराकाष्ठा केली. रजईला उन्हं दाखवली, दुहेरी अभ्रा घातला. थंडीनं धुळीतले किडे मरतात असं कळलं म्हणून हत्ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवला. नेमकी ठकी सरबतासाठी बर्फ काढायला गेली, आणि बर्फाऐवजी हातात सोंड आली! ननंदबाईंनी ही बातमी फोनवरून साऱ्या गोतावळ्यात पोचवली. ‘पोरीच्या आईची आठवण बर्फात पुरते हो ही बाई!’ ऐकणाऱ्यांनी हसून घेतलं, मग हळहळूनही घेतलं. धाप मात्र थांबली नाही, आणि म्हणून आज तिनं अर्धी रजा टाकून खोली रिकामी केली होती. प्राणी शेजारच्या गल्लीतल्या कचरापेटीत गेले. रजई तेवढी तिच्याच्यानं टाकवेना. तीन पिशव्यांत हवाबंद करून तिनं ती माळ्यावर, ट्रंकेच्या मागं ठेवली. पोर मोठी होईल, समजूतदार होईल, तेव्हा देऊ...

संध्याकाळी नवरा घरी आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अडकलेली कसलीही लिफ्ट गोंजारून खाली आणणारा हा माणूस, पण त्याच्या पोटात शब्द म्हणून टिकत नसे. ऐकलं की ओकलं. नवऱ्याला सांगितलं की ननंदेला कळणार, आणि ननंदेला कळलं की ठकीला कळणार, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

“काय त्रास देत होती तुला ती गेलेली बाई?” ग्रीसनं माखलेले हात न धुताच तो रिकाम्या खोलीत उभा राहिला. “चार महिने... रक्त आटवून शिवलं होतं तिनं. बोटं सुजायची तिची!”

मावशीच्या ओठांवर सगळं आलं. पण दाराआड ठकी उभी होती. तिची सावली दिसत होती.

“धूळ फार बसायची हो त्यात,” ती खाली मान घालून म्हणाली. “मला आवरायला जड जातं.”

“आवरायला जड जातं!” तो हसला. असं हसणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. “दुसऱ्यांच्या दोनशे चादरी जड जात नाहीत, पोरीची एक रजई जड जाते!”

त्या दिवसापासून तो कामापुरतं बोलू लागला.

मग मावशीनं ती खोली पुन्हा सजवायला घेतली. पाण्यानं पुसता येईल असा रंग आणला. “कोणता रंग देऊ गं?” असं विचारलं तर ठकी म्हणाली, “काळा.” मावशीनं पोपटी दिला. लाँड्रीतून आली की पदर खोचून ती भिंतीशी बसे. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून साचे केले, आणि आठ दिवसांत पलंगाच्या कडेच्या भिंतीवर अकराच्या अकरा प्राणी रंगवून काढले. हत्ती, दोन ससे, लंगडा जिराफ... जिराफाचा आखूड पाय कोणता होता ते आठवेना तेव्हा घरातले सगळे जुने फोटो उलथेपालथे करून तो शोधून काढला, आणि तसाच आखूड रंगवला.

ठकीनं सगळं नीट पाहून घेतलं.

“हे माझे नाहीत,” ती म्हणाली. “यांना मिठी मारता येत नाही.” आणि तिनं आपला गणवेश हँगरसकट जिराफावर टांगून ठेवला.

पण चाळीस दिवस... चाळीस दिवस त्या पोरीला एकदाही धाप लागली नाही! जिना धावत चढायची, दोरीवरच्या उड्या मारायची. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. न झालेल्या दुखण्याची आठवण कोण ठेवतो? मावशी एकटीच रोज दाराशी उभी राहून तो शांत श्वास ऐके. तो आनंद सांगायलासुद्धा तिला कुणी नव्हतं.

त्या शनिवारी तिची दुपारची पाळी होती. नवरा घरी होता, आणि ननंदबाई भेटायला आल्या होत्या. रजई कुठं दडवलीय ते ठकीनं केव्हाच हेरलं होतं. ती आत्याच्या कुशीत शिरून रडली, “आत्या, आई माळ्यावर आहे, तिला खाली काढ ना.” दगडालाही पाझर फुटावा अशी ती विनवणी! ननंदबाई काही दुष्ट नव्हत्या, तोंडानं फटकळ एवढंच. गुडघे दुखत असतानाही त्या शिडीवर चढल्या, ट्रंक सरकवली, पिशव्या फाडल्या आणि रजई पोरीच्या अंगावर पांघरली. “घे गं बाई. तुझ्या आईची वस्तू, कोण तुला अडवतं बघते मी.”

कुणी पुन्हा हिरावून घेऊ नये म्हणून ठकी रजईसकट कपड्यांच्या कपाटात शिरली आणि तिनं आतून दार ओढून घेतलं.

मावशी सहाला घरी आली तेव्हा बाहेरच्या खोलीत बहीणभाऊ चहा पीत होते.

“ठकी कुठाय?”

“आईजवळ झोपलीय,” ननंदबाई टेचात म्हणाल्या.

मावशीनं वर पाहिलं. माळ्याचं दार उघडं होतं... हातातली पिशवी टाकून ती धावली, कपाट उघडलं, आणि रजईसकट ती पोर तिच्या पायांशी कोसळली. ओठ निळे! डोळे उघडे, पण ओळख नाही! छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज, आणि मग तोही नाही...

“गाडी काढा! अहो, आधी गाडी काढा!”

दवाखान्यात दोन तास गेले. दोन तास ते लेकरू जीवन-मरणाच्या उंबरठ्यावर होतं. अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मावशीवर कडाडल्या, “वाचली. पण बजावलं होतं ना मी तुम्हाला? पिसं घरात ठेवायची नाहीत म्हणून? ती रजई विष आहे तिला, विष!”

“मला... मला कुणी सांगितलं नाही,” नवरा अडखळला.

“यांना सांगितलं होतं. दोन महिने झाले.”

तो बायकोकडे वळला. रिकामी खोली, फ्रीजरमधला हत्ती, भिंतीवरचे अकरा प्राणी... सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं, कारण तो मटकन बाकावर बसला आणि त्यानं कपाळ बडवून घेतलं. ननंदबाई तर भिंतीला धरून ओक्साबोक्शी रडू लागल्या. “मीच दिली गं... या हातांनी दिली! वहिनीच्या रजईनंच घात केला की पोरीचा! तू का नाही बोललीस? एका शब्दानं तरी!”

“ताई, हळू... तिला ऐकू जाईल हो...”

पण दार अर्धवट उघडं होतं.

आत गेल्यावर तिघांनी पाहिलं. ठकी नाकावरचा मास्क हातानं बाजूला धरून त्यांच्याकडेच बघत होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

“बाबा... आत्या काय म्हणाली? आईच्या रजईनं झालं?” एकेका शब्दाला ती थांबत होती. “आईनं मला... आईमुळं मी मरणार होते?”

नवऱ्यानं मावशीच्या कानाशी वाकून म्हटलं, “आता सगळं सांगतो तिला. तू काय काय सोसलंस, सगळं. कळू दे तिला खरी आई कोण ते. आजपासून तुला आई म्हणेल बघ...”

आई! दोन वर्षं जो शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते, तो आता एका वाक्याच्या अंतरावर होता. नवरा तोंड उघडणारच होता. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. पण पलंगावरचे ते डोळे... त्या डोळ्यांत धापेची भीती नव्हतीच. आपल्या आईनंच आपल्याला... असा तो सवाल होता, आणि उत्तर मिळालं की ती मेलेली आई त्या पोरीपुरती पुन्हा एकदा मरणार होती.

मावशीनं नवऱ्याचं मनगट असं काही दाबलं की त्याचे शब्द तोंडातच राहिले.

“नाही गं,” ती पुढं होऊन म्हणाली. “रजईत काही नव्हतं. रजई छानच होती. चूक माझी झाली. मी ती धुतली, आणि वाळायच्या आतच बांधून टाकली. ओलीच! कंटाळा केला मी. आत बुरशी धरली, ती तुझ्या नाकात गेली.”

जिनं उभ्या जन्मात एक दमट रुमालसुद्धा घडी करून ठेवला नव्हता, ती बाई हे सांगत होती.

“तू... खराब केलीस? आईची रजई?”

“हो.”

“आईनं केली तेव्हा चांगली होती?”

“एकदम चांगली.”

ठकीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. श्वासाची घरघर उतरली. मग तिनं बाबाचा शर्ट धरला. “बाबा, हिला बाहेर जायला सांग. मला हिचं तोंड बघायचं नाही.”

नवऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मानेनंच ‘नाही’ म्हटलं. आणि ज्याच्या पोटात कधी काही राहिलं नाही, तो माणूस पहिल्यांदा गप्प बसला.

मावशी बाहेर येऊन बाकावर बसली. ननंदबाई तिच्या शेजारी टेकल्या. नुसता तिचा हात घेऊन त्यांनी आपल्या डोळ्यांना लावला. बऱ्याच वेळानं नवरा बाहेर आला आणि तिच्या पायांशी, जमिनीवरच बसला.

“कसं फेडू गं मी हे? किती दिवस असं चालायचं?”

“ती मोठी होईपर्यंत. नाहीतर कायमचं.” तिनं डोळे पुसले. “तुम्ही बोलणार नाही ना?”

“नाही.” त्यानं मान हलवली. “झोपली ती. म्हणाली, मावशीला आत येऊ देऊ नका.”

“मग नाही येत.” तिनं दाराकडे मान वळवली. “अहो, श्वास नाकानं घेतेय की तोंडानं?”

“नाकानं.”

“बघून सांगा हो. नीट बघून सांगा.”

तो उठून दाराच्या काचेशी गेला, आणि ती तिथं बाकावरच, त्याच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.